आबांचा उमेदवार गोरा झाला

जुन्नरकडे जाऊन आले असं सांगितलं की आमच्या चिपळुणातली माणसं लगेच विचारतात, "शिवनेरी चढलात का?" मी नाही म्हणते. "मग लेण्याद्री?" खालूनच नमस्कार केला, असं सांगते. "मग इतके दिवस केलंत तरी काय?" मी अमेरिकेची निवडणूक बघत होते, असं खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस विषय बदलून पावसापाण्याचं बोलायला लागतो. बाईंना निवृत्ती मानवलेली नाही, असा त्याचा ग्रह झालेला असतो. तो दूर व्हावा म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. गडाच्या पायऱ्या आणि लेण्यांची मापं हवी असतील, तर मात्र या लेखाचा काही उपयोग नाही.

दोन हजार आठ सालची दिवाळी नुकतीच आटोपली होती. शालनचा फोन आला. शालन ही माझी डी.एड.ची मैत्रीण. पुण्याच्या वसतिगृहात दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली, त्यातलं एक वर्ष भांडण्यात गेलं, आणि मग आयुष्यभराची मैत्री झाली. ती नारायणगावजवळ वारूळवाडीला राहते, तिथल्याच बाजूच्या एका शाळेत तेव्हा शिकवत होती. ती म्हणाली, "रोहिणीला बघायला मंचरचे पावणे येणार आहेत. तू ये. मला अशा वेळी तोंडातनं शब्द फुटत नाही, आणि तुझं तोंड काही बंद होत नाही." इतकं प्रेमळ आमंत्रण नाकारणं शक्यच नव्हतं.

नारायणगाव

एसटीतून उतरले ती थेट टोमॅटोत. हंगाम उतरणीला लागला होता म्हणे, पण रस्त्याच्या कडेला क्रेटच्या भिंती उभ्या होत्या आणि भिंतींमधून टेम्पो शिरत होते. एका चिरडलेल्या टोमॅटोवर माझी चप्पल गेली आणि मी पिशवीसकट खाली बसले. "मावशी, दमानं! घाई न्हाई कुणाला," असं एक टेम्पोवाला कर्कश हॉर्न वाजवत म्हणाला. तेवढ्यात एक उंच, काळासावळा, पांढरीशुभ्र टोपी घातलेला माणूस धावत आला आणि त्यानं मला उठवलं. हे शालनचे यजमान. सगळे त्यांना आबा म्हणतात.

"लागलं का, ताई?"

"नाही."

"मग बरं झालं. आता मला सांगा, आपला माणूस येतो का निवडून?"

मला वाटलं, कारखान्याची नाहीतर सोसायटीची निवडणूक असेल. "कोण तुमचा माणूस?"

"अमेरिकेचा! दुसरा कोण?" आबांनी माझ्याकडे निराशेनं पाहिलं. "तुमच्या चिपळुणात पेपर येतो का न्हाई?"

त्या उमेदवाराचं नाव मी इथे लिहीत नाही. आबा तरी कुठे घेत होते! त्याला ते 'आपला माणूस' म्हणायचे आणि त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या गोऱ्या, म्हाताऱ्या सैनिकाला 'फौजी'. आबांना निवडणुकीशिवाय करमत नाही. ग्रामपंचायत असो की पतसंस्था, कुणी बोलावो न बोलावो, आबा मंडपात हजर. त्या दिवाळीत आसपास एकही निवडणूक नव्हती, म्हणून त्यांनी अमेरिकेची दत्तक घेतली, असं शालन म्हणाली. हिंदी बातम्या बघून बघून त्यांच्या तोंडी 'काँटे की टक्कर' बसलं होतं. आमटीत मीठ जास्त की कमी, यावरसुद्धा ते काँटे की टक्कर म्हणत.

रात्री जेवायला मासवडी होती. नावात मास आहे म्हणून मी मोठ्या आशेनं पाटावर बसले. निघाली बेसनाची! आत तीळ, खोबरं, लसूण यांचं झणझणीत सारण, वर तांबडाभडक रस्सा. माशाचा संबंध फक्त आकाराशी. पहिल्या घासाला मी मनातल्या मनात कोकणात परत गेले, चौथ्या घासाला तिथून परत आले, आणि त्यानंतर किती भाकऱ्या खाल्ल्या ते शालनलाच विचारावं लागेल.

जेवणं झाल्यावर शालननं एक फोटो माझ्या हातात दिला. नाजूक, दुधासारखी गोरी मुलगी, मागे धबधबा.

"छान आहे," मी म्हटलं. "कोण ही? तुझी पुतणी का?"

शालनचा चेहरा पडला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली रोहिणी पोट धरून हसायला लागली. फोटो तिचा होता.

रोहिणी आबांसारखी आहे. उंच, काळी, टपोऱ्या डोळ्यांची, हसली की सगळे दात दिसणारी. नारायणगावात फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात ती कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस, निवड, दुःखद निधन, सगळं तिच्या हाताखालून जातं. तिथला रिवाज तिनंच मला सांगितला. "मावशी, फोटो आला की आमी पहिल्यांदा माणूस गोरा करतो, मग बाकीचं बघतो. न्हाई केला तर लोक पैसे देत न्हाईत. मेलेल्या माणसाला बी गोरा करावं लागतो. घरचे ओळखत न्हाईत, पण खुश व्हतात."

हसता हसता ती एकदम थांबली. "आता मंचरच्या लोकांनी ह्या पोरीला पसंत केलीय. ही पोरगी मी कुठनं आणू?"

तिनं स्वतःचा खरा फोटोही काढून ठेवला होता आणि तोच पाठवा म्हणून घरात हट्ट धरला होता. पण आबा म्हणाले, एकदा पावणे घरी येऊ तर देत, समोर बसल्यावर पोरगी काय चीज आहे ते कळतंच. रोहिणीला लग्न नको होतं असं नाही. मुलगा चाकणच्या कारखान्यात आहे, बोलायला बरा वाटतो असं ऐकून होती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की मला बघून कुणी नाही म्हणालं तर चालेल, पण मला न बघता हो म्हणालेलं नको. मला ते म्हणणं सोळा आणे पटलं. शालनलाही पटत असावं, पण मुलगी पंचविशीची झाली की आईला पटलेलं बोलता येत नाही.

चहाची टपरी

सकाळी आबा मला फाट्यावरच्या टपरीवर घेऊन गेले. आमच्याकडे बाई माणूस टपरीवर चहाला बसली तर तिच्या माहेरी निरोप जातो. इथे बाकावरचे दोघे उठून उभे राहिले आणि "या, पावणं" म्हणाले. लांब शेतांच्या पलीकडे त्या भागातल्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. आबा म्हणाले, "ते लोक ताऱ्यांचं बोलणं ऐकत्यात. आमाला शेजारच्या वस्तीवरचं ऐकू येत न्हाई."

टपरीवर किसनशेठ आधीच येऊन बसले होते. ठेंगणे, गोरेपान, गळ्यात चेन. गावातल्या दूध संस्थेचे अध्यक्ष. आबांना हरवून ते अध्यक्ष झाले, आणि तरी दोघं रोज सकाळी त्याच बाकावर बसून भांडतात. आमच्या कोकणात एका फणसाच्या झाडावरून सख्खे भाऊ तीन पिढ्या बोलत नाहीत. ही माणसं रोज भांडतात आणि मग एकाच बशीत चहा ओततात.

किसनशेठ फौजीच्या बाजूचे होते. आबा दुसऱ्याच्या बाजूनं, याहून वेगळं कारण त्यांना लागत नव्हतं. पण मी बाहेरची, शिकलेली, तेव्हा मला त्यांनी कारण दिलं.

"ताई, आबाच्या मानसाचं नावच बगा. आय कुठली, बाप कुठला. तिथलीच माणसं सभेत म्हणत्यात, ह्यो आपल्यातला न्हाई. टीव्हीवर दावलं. मी काय पदरचं सांगतोय का?"

"किसनशेठ, तुम्ही अमेरिकेला गेला होतात का कधी?"

"मी भोसरीच्या फुडं गेलो न्हाई." ते मोकळेपणानं हसले. "पण अध्यक्ष मातीतला पायजे. वारूळवाडी असू दे न्हाई तर अमेरिका. हितनं तिथनं आलेला मानूस अध्यक्ष झाला की घरचे भायेर आन भायेरचे घरात."

मला वाटलं, आता आबा उसळतील. पण त्यांनी चहा अर्धा ठेवला, टोपी सारखी केली आणि "चला ताई" म्हणून उठले. आबांसारखा बोलका माणूस भांडण अर्ध्यावर टाकून उठतो, हे काही मला बरं लक्षण वाटलं नाही.

डिंभ्याचं पाणी

दुसऱ्या दिवशी आबांनी जीप काढली. "तुमाला आमचं गाव दाखवतो," म्हणाले. मला वाटलं, आपण गावातच तर आहोत. पण जीप मंचरच्या रस्त्याला लागली.

मंचरच्या हमरस्त्यावर ट्रकांची अशी रांग होती की पायी जाणारे आमच्या पुढे निघून जात होते. दोन्ही बाजूंना कांद्याबटाट्याच्या गोण्या. एका आडतीसमोर आल्यावर आबांनी टोपी कपाळावर ओढली. "ते येणाऱ्या पावण्यांचं दुकान. तिकडं बगू नका." त्यांनी असं सांगितल्यावर मी अर्थातच मान बाहेर काढून बघितलं. दोन हमाल कांदे निवडून मोठा, मध्यम, बारीक असे ढीग करत होते, बाकी काही दिसलं नाही.

घोडेगाव मागे पडलं आणि डोंगर जवळ आले. उसाची हिरवी भिंत संपून भातखाचरं लागली. कापणी चालली होती. बांधावर भारे पडले होते आणि हवेत तो ओल्या पेंढ्याचा वास होता. मला चिपळूण आठवलं आणि जरा गलबलून आलं. पुण्याच्या जिल्ह्यात माझ्या अंगणातला वास भेटेल असं वाटलं नव्हतं.

मग डिंभे धरणाचं पाणी दिसलं. डोंगरांच्या कुशीत लांबवर पसरलेलं, निळं, गप्प. आबा काठाला उभे राहिले आणि त्यांनी मध्यावर कुठेतरी बोट दाखवलं.

"ते तिथं. आमचं घर. त्येच्या खाली भाताचं खाचर. धरण आलं आन आमी तिकडं खाली आलो. सरकारनं जमीन दिली, लोकांनी जागा दिली. वाईट वागवलं असं म्हणणार न्हाई मी. लेकरं तिथंच झाली, शालन तिथंच मास्तरीण झाली. वीस वर्षं मला वाटत व्हतं, आता आपन हितलेच."

"आणि मग?"

"मग अध्यक्षाला उभा राहिलो."

त्या निवडणुकीची गोष्ट मला शालनकडून कळलेली होती, पण अर्धीच. किसनशेठचा प्रचार एकाच वाक्यावर चालला होता, अध्यक्ष आपल्या मातीतला. आबांना सगळे 'धरणातला' म्हणायला लागले. ज्यांच्या पोरांना आबांनी दूध काढायला शिकवलं तेसुद्धा.

"शेवटच्या सभेत एक जन उठला," आबा म्हणाले. "त्या वक्ताला लोडशेडिंग लई व्हतं. म्हणला, लाईट गेल्यावर बी दिसंल असा अध्यक्ष निवडा. सगळा मंडप हसला, ताई. मी बी हसलो. स्टेजवर बसलेला मानूस, दुसरं काय करनार? थोडक्यात पडलो." ते पाण्याकडे वळले. "म्हनून आपला मानूस यायला पायजे. तिथं चाललं तर कदी हितं बी चालंल."

मी रोज चेष्टा करत होते त्या अमेरिकेच्या वेडाखाली हे होतं. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं तरी माझं तोंड बंद होत नाही, हे शालननं सांगितलंच आहे.

"आबा, मग रोहिणीचा तो फोटो?"

"ते येगळं," आबा लगेच म्हणाले. "ते लगीन हाये."

परतताना घोडेगावात भजी खायला थांबलो. तिथे आबांच्या मोबाइलला रेंज आली आणि रोहिणीचा फोन आला. आबांनी आदल्या दिवशी एका फ्लेक्सची ऑर्डर दिली होती. निकालाच्या आधीच 'आपल्या माणसाला' फाट्यावर शुभेच्छा द्यायच्या होत्या. निकाल लागल्यावर सगळेच देतात, आधी देईल तो खरा कार्यकर्ता, असा त्यांचा हिशेब. पलीकडून रोहिणीचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"आबा, चेहरे नेहमीसारखेच करू ना?"

"व्हय व्हय, नेहमीसारखंच. सरपंचाच्या वाढदिवसाला केलं व्हतं तसं झकास कर," आबा भजं तोंडात ठेवून म्हणाले.

फाट्यावरचा फ्लेक्स

फ्लेक्स सकाळी लागला. आम्ही पोचलो तेव्हा खाली वीसपंचवीस माणसं जमली होती आणि सगळी वर बघत होती. वर मोठ्या अक्षरात होतं, 'अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी हार्दिक शुभेच्छा.' खाली ओळीनं शुभेच्छुक, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल, पहिला मान आबांचा. आणि मधोमध, हात उंचावून हसणारा, सूटबूट घातलेला, गोरापान, गुलाबी गालांचा एक माणूस.

किसनशेठ कमरेवर हात ठेवून वर बघत होते. "आबा, पार्टी बदलली का? रात्रीतनं फौजीकडं गेला? आदी सांगायचं की राव, दोघं मिळून छापला असता!"

खालची सगळी माणसं हसली. एकजण म्हणाला, हा फौजी नाही, फौजीला केस पांढरे आहेत. दुसरा म्हणाला, हा पिक्चरमधला कुणीतरी आहे. तिसऱ्याला तो जुन्नरच्या बँकेतला साहेब वाटला. आबांनी जीप नारायणगावकडे वळवली. मी शेजारी बसून हसू दाबत होते, आणि ते दाबणं सोपं नव्हतं.

दुकानात रोहिणी एकटीच होती. मालक चहाला गेले होते. आबा दारातूनच ओरडले.

"अगं, त्यो काय करून ठेवला? बँकेतला साहेब दिसतोय! त्येचा रंग कुठं गेला?"

रोहिणीनं खुर्ची वळवली. "नेहमीसारखं कर म्हणालात. मी इचारलं व्हतं."

"अगं पर ह्या मानसाचं येगळं हाये! सगळी दुनिया त्येच्या रंगावरनं बोलतीय. त्यो रंग घिऊनच तर उभा राह्यलाय त्यो! रंगच काढला तर मग राह्यलं काय त्येच्यात?"

"मग माझं, आबा?"

एवढंच म्हणाली ती. आवाजही चढवला नाही. मशीनमधून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स सरकत बाहेर येत होता. आबा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. डिंभ्याच्या काठावर मी जो प्रश्न विचारला तो त्यांनी दोन शब्दांत उडवला होता. लेकीचे दोन शब्द त्यांना उडवता येईनात.

"त्यो फोटू मंचरला गेला," ते म्हणाले.

"गेला."

"दुसरा हाये म्हनत व्हतीस."

"हाये. पण आता काय उपेग? उद्या मीच समोर येनार."

आबा उठले. "ह्येचा रंग बदलून परत छाप. हाये तसा. आन खाली माझा बी, हाये तसाच." रोहिणीनं मान डोलावली आणि कॉम्प्युटरकडे वळली, आणि नेमकी वीज गेली. ती संध्याकाळपर्यंत आली नाही. तेव्हा अमेरिकेचा तो उमेदवार वारूळवाडीच्या फाट्यावर निकालापर्यंत गोराच राहिला.

रोहिणीनं हे जाणूनबुजून केलं का, असं मला सगळे विचारतात. मी तिला विचारलेलं नाही. माझं मत काय ते मी सांगणार नाही, पण ती पोरगी आपल्या कामात कधी चुकत नाही असं तिचे मालक म्हणतात.

पावणे

निकाल आणि पावणे एकाच सकाळी आले. शालन पहाटेपासून बेसन आणि साय घेऊन मुलीच्या मागे लागली होती. रोहिणीनं तोंड धुतलं, केस विंचरले, आणि पावडरचा डबा आईच्या हातातून काढून घेऊन कपाटात ठेवला. हिरवी साडी नेसली. तिला सुरेख दिसत होती. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "मावशी, तुमचं मत इथं धरत न्हाईत."

मंचरहून चौघं आले. आडतीचे मालक, म्हणजे मुलाचे वडील, फारसं न बोलणारे. त्यांची बायको, जी दोघांचं मिळून बोलत होती. एक मामा. आणि मुलगा संदीप, कान लाल झालेला. आबांनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं. मतमोजणी रंगात आली होती, मामाही निवडणूकवेडे निघाले, दोघांची लगेच गट्टी जमली. "काँटे की टक्कर न्हाई राह्यली आता," आबा म्हणाले आणि तेवढ्यात टीव्ही फट्कन बंद पडला. आमच्या चिपळुणात वीज जाते तेव्हा निदान पाऊस तरी पडत असतो.

अंधारलेल्या खोलीत रोहिणी पोह्यांचं तबक घेऊन आली. संदीपनं वर पाहिलं, आणि मला वाटतं, बघतच राहिला. त्याच्या आईनं पर्समधून फोटो काढला, खिडकीच्या उजेडात धरला, मुलीकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं.

"ही धाकटी का? थोरलीला बोलवा की."

शालननं पाण्याची भांडी हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. मला बोलावलं होतं ते याच क्षणासाठी. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी आबा बोलले.

"थोरली धाकटी काय न्हाई, वयनी. एकच पोरगी हाये. फोटू खोटा हाये. मी करून घेतला. तिला नगं व्हता."

पावणेमंडळी खालच्या आवाजात काहीतरी बोलली. संदीप काही बोलू बघत होता, त्याला आईनं हातानंच थांबवलं. मग ती हसली. बाई वाईट नव्हती, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. तिनं अगदी समजुतीच्या स्वरात सांगितलं.

"पोरगी चांगली हाये. नोकरीची हाये. रंगाचं काय, आमी चालवून घिऊ. फक्त मग मानपानात तुमाला जरा हात सैल सोडावा लागंल, येवढंच."

मला संताप आला. तिच्या दुकानासमोर निवडून ठेवलेले कांद्यांचे ढीग माझ्या डोळ्यांसमोर आले. पण रोहिणीकडे बघवेना. ती तबक धरून तशीच उभी होती आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. खोटा फोटो तिनं हसण्यावारी नेला होता. हे तिला जमत नव्हतं.

आबा उठून उभे राहिले. "वयनी, चालवून घेऊ नका. माझी पोर फाटकी नोट न्हाई, चालवून घ्यायला."

मुलीचा बाप असं बोलत नाही. इथेही नाही, आमच्या कोकणातही नाही. नकार द्यायचा असला तरी तो मुलाकडच्यांनी, 'कळवतो' म्हणून घरी जाऊन, चार दिवसांनी मध्यस्थाच्या तोंडून द्यायचा असतो. मुलीकडच्यांनी फक्त वाट बघायची. ते चौघं उठले तेव्हा सवयीनं मामांच्या तोंडून "कळवतो" निघालं आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली. संदीप चपला घालता घालता थांबला, रोहिणीकडे वळला, पण बाहेरून आईची हाक आली आणि तो गेला.

गाडी गेल्यावर शालन खांबाला धरून बसली. "आता हे मंचरभर होणार. आता कोण येणार हिला बघायला? हिचा रंग…" आणि ती रडायला लागली.

त्या घरात रोहिणीचा रंग तिच्या आजोळचा आहे असं इतकी वर्षं बोललं जायचं. बारशाला आबांच्या बहिणीनं तसं म्हटलं आणि तेव्हापासून तेच चालू राहिलं. शालन ऐकून घ्यायची, आबा ऐकू आलं नाही असं दाखवायचे. मी स्वतः ते दहादा तरी ऐकलं असेल. आबा लेकीसमोर आले, तिच्या हातातलं तबक घेतलं, खाली ठेवलं आणि आपला हात तिच्या हाताशेजारी धरला.

"रंग माझा हाये," ते म्हणाले. "तुज्या आयच्या घरचा न्हाई. माझा. तुज्या आज्याचा बी ह्योच व्हता. मी कदी बोललो न्हाई."

"मला दिसत व्हता की, आबा," रोहिणी म्हणाली, आणि मग मात्र ती रडली. हसलीही.

तेवढ्यात वीज आली. टीव्ही आपोआप सुरू झाला, केवढा तरी आवाज. हजारो माणसं झेंडे नाचवत होती, काळी, गोरी, एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. रस्त्यावर कुणीतरी दिवाळीतली उरलेली माळ लावली. किसनशेठचा आवाज फाटकातून आला, "आबाऽऽ! आला की राव तुमचा मानूस! लवकर या भायेर!"

रोहिणीनं डोळे पुसत टीव्हीकडे पाहिलं. "आबा, निवडून आला. बघा तरी."

आबांनी वळून पाहिलं नाही. पाहुण्यांनी न शिवलेली पोह्यांची एक ताटली उचलून त्यांनी तिच्या हातात दिली.

"येऊ दे," ते म्हणाले. "तू बस आदी. सकाळपासनं उपाशी हायेस."